इंजिनावरचं पोतं

आधी माफी मागतो, मग लिहितो. आमच्या घरात आजवर कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र. बारावीला मराठीत जेमतेम गुण होते. त्यात सांगायचं आहे ते एका जुन्या गाडीच्या इंजिनाबद्दल. वाचणाऱ्याने वेळ द्यावा असं यात काही आहे का, मला खात्री नाही. पण गेल्या थंडीत त्या गाडीच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. ती तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहून बघतो आहे.

गाडी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आमचं घर मंचरजवळ कळंबला, हायवेपासून थोडं आत, उसाच्या रानाला लागून. दादांचे गुडघे गेले आणि कांद्याच्या वाफ्यात उकिडवं बसणं बंद झालं, तेव्हा त्यांनी शेत धाकट्या चुलत्याकडे दिलं, बैलजोडी विकली आणि ही पांढरी पेट्रोल गाडी घेतली. गाडी तेव्हाच जुनी होती. कार्बोरेटरची, चोक ओढून चालू करायची. आता असल्या गाड्या फार दिसत नाहीत.

त्या गाडीतून दादा रोज सकाळी चार शिक्षकांना डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या बाजूला, डोंगरातल्या शाळांवर न्यायचे. तीन बाई आणि एक सर, सगळे कळंबलाच राहणारे. एकाच रस्त्यावरच्या तीन शाळा. शेवटच्या शाळेपाशी गाडी लावून दादा संध्याकाळपर्यंत तिथेच थांबायचे, कारण दोनदा ये-जा करणं पेट्रोलला परवडत नाही. शाळेच्या ओट्यावर बसायचे. पोरांबरोबर खिचडी खायचे. दादांची शाळा तिसरीत सुटली. आता साठीच्या जवळ आल्यावर ते वर्गाच्या दाराबाहेर बसून सगळं ऐकत होते. मी शनिवारी घरी गेलो की मला सांगायचे, "या आठवड्यात अपूर्णांक घेतले बाईंनी. पावच्या खाली चार अन् वर एक. मला वाटायचं मोठा आकडा खाली म्हंजी मोठं. तसं नाय ते."

आईला हसू यायचं. "तुमी पण बसा पोरांच्यात. परीक्षा द्या."

"देईन की," दादा म्हणायचे. "पास झालो तर काय करशील?"

मला वाटतं त्या फेरीचे पैसे त्यांना लागत होतेच, पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं आणि चार शिकलेल्या माणसांनी "काका" म्हणून हाक मारायची, हे त्यांना जास्त लागत होतं. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा इतकं नीट कळलं होतं असं म्हणणं खोटं होईल.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडी सकाळी मिसिंग मारायला लागली. म्हणजे चालू व्हायची, पण चार ठोक्यांऐवजी तीनच ठोके पडल्यासारखा आवाज यायचा. सगळी गाडी हलायची, सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌ व्हायचं. गिअर टाकून क्लच सोडला की दोन-तीन हिसके द्यायची. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन तापलं की सगळं गायब. जणू काही झालंच नव्हतं. तोवर शिक्षकांना घेऊन हायवे ओलांडायचा असायचा, आणि ओलांडताना हिसके बसायचे. सर गमतीने म्हणायचे, "काका, आज घोड्यावर नेताय का गाडीवर?" गंमत पहिल्या आठवड्यापुरतीच राहिली.

मी जुन्नरला वसतिगृहात राहतो. शनिवारी संध्याकाळी घरी गेलो की दादा विचारायचे, "तुला काय वाटतं?" त्यांना वाटायचं की कॉलेजला जातो म्हणजे याला कळत असेल. मला ते नाकारता येत नव्हतं. मी रविवारी पहाटे उठून, पकडीला रबर गुंडाळून, चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून उपटून बघितल्या. चालू सिलिंडरची वायर काढली की आवाज आणखी बसतो. जो सिलिंडर आधीच मेलेला आहे, त्याची वायर काढली तर काहीच फरक पडत नाही. तिसऱ्याला फरक पडला नाही. मला फार आनंद झाला. पुस्तकाबाहेरची गोष्ट मी पहिल्यांदाच स्वतः शोधली होती.

"तिसरा," मी दादांना म्हणालो.

"तिसरा," दादांनी आईला आत जाऊन सांगितलं. मला ते ऐकू आलं.

कार्बोरेटरच्या गाड्या मनापासून बघणारे एकच मिस्त्री आम्हाला माहीत होते, आळेफाट्याला. आम्ही त्याच दिवशी गाडी घेऊन गेलो. त्यांनी बोनेट उघडलं, रेस देऊन ऐकलं, प्रत्येक प्लग काढून ठिणगी बघितली. ठिणगी निळी, छान. तिसरा प्लग नवा टाकला. कार्बोरेटर साफ केला. मग बोनेटवर कोपर ठेवून मला विचारलं, "कुठून आणली?"

"कळंबवरून."

"म्हंजी पाऊण तास पळवून. भाऊ, ताप उतरल्यावर पेशंट आणतोय तू. मी काय बघू?"

त्या आठवड्यात सकाळी पुन्हा तेच. नवा प्लग असून तिसराच मेलेला. मी फोनवर वाचलं की रेडिएटरचं पाणी रात्रीतून सिलिंडरमध्ये झिरपत असेल तरीही असं होतं. आईला फोनवर सांगितलं की रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी पाण्याची पातळी बघून ठेव. तिने रोज बघितली. पाणी केसभरही कमी झालं नाही. मिस्त्रींना कळवलं, तर ते म्हणाले, "मग वॉल्व्ह थंडीत अडकत असंल. इंजनाचं हेड उतरवावं लागंल. पण त्याच्याआधी एक रात्र गाडी माझ्याकडं सोडा. थंड असताना मला स्वतः ऐकू द्या."

आम्ही शनिवारी गाडी आळेफाट्याला सोडली आणि एस.टी.ने परत आलो. रविवारी पहिल्या गाडीने पुन्हा गेलो. मिस्त्री चहा पीत बसले होते. म्हणाले, "तुमच्या आधीच चालू केली. घड्याळासारखी चालली राव. एक ठोका चुकला नाय."

आता मला पोत्याबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे पौषात बैलाच्या पाठीवर रात्री पोतं टाकतात, गार वारं लागू नये म्हणून. बैल विकले तरी दादांची सवय गेली नाही. थंडी सुरू झाली की ते संध्याकाळी इंजिन निवल्यावर बोनेट उघडायचे, इंजिनावर जुनी घोंगडी पसरायचे आणि बोनेट लावायचे. सकाळी ती काढून मग चोक ओढायचा. यंदा घोंगडीचे तुकडे झाले होते, म्हणून भुईमुगाच्या शेंगांचं रिकामं पोतं घेतलं होतं. ते पोतं टाकताना दादा गाडीच्या मडगार्डवर हात फिरवायचे. मला ते बघवायचं नाही. गाडी म्हणजे जनावर नाही, असं मी एकदा बोललोही होतो. ते म्हणाले, "नसंल. पण थंडी सगळ्यांना लागती."

मिस्त्रींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "हितं बंद शटरमधी कोरडी राहिली, नीट चालली. घरी रात्री कशी ठेवता?"

"पत्र्याच्या छपरात," मी म्हणालो. "पुढून उघडं आहे."

"वरून काय झाकता? इंजनावर काय टाकता?"

माझ्या वर्गातला एक मुलगा तिथे उभा होता. त्याच्या घरची गाडी आरसा बसवायला आली होती. तो आणि मी प्रयोगशाळेत एकाच टेबलावर असतो. तो हसून माझ्याकडे बघत होता, नेहमीसारखाच, त्यात वाईट काही नव्हतं. दादा दाराजवळच्या बाकावर बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही टाकत."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग ते हातातल्या चहाकडे बघत राहिले. पोरगा शिकलेला आहे, काहीतरी कारण असेल म्हणून सांगितलं नसेल, असं त्यांना वाटलं का? की त्यांना खरं कारण कळलं होतं? मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा पोतं टाकलं आणि मी वसतिगृहाची पिशवी भरत बसलो.

मिस्त्री शेवटी एवढंच म्हणाले होते, "मग हेड खोलायची घाई नको. आठ दिवस बघा."

त्या आठ दिवसांतल्या गुरुवारी गाडी हायवेवर बंद पडली. बाजूला नाही, ओलांडताना, मध्यावर. धुकं होतं. नाशिककडून येणाऱ्या ट्रकने हॉर्न वाजवत कशीबशी कडेने वाट काढली. सर आणि एक बाई खाली उतरून ढकलत होते, दादा आत स्टिअरिंगवर. हे मला शनिवारी घरी गेल्यावर आईने सांगितलं. तिला दूधवाल्याकडून कळलं होतं. दादांना विचारलं तर म्हणाले, "बंद पडली. ढकलली. झालं."

"शिक्षक काय म्हणाले?"

"काय म्हणणार. घाबरले."

रात्रभर मला ते "काहीच नाही टाकत" आठवत राहिलं. पोत्याचा त्या आजाराशी संबंध असेलच असं मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं. पण प्रयोगात एखादी नोंद लपवली तर निष्कर्ष काढता येत नाही, हे मी तीन वर्षं शिकत होतो, आणि पहिलीच खरी नोंद मी लपवली होती. रविवारी सकाळी मागच्या दारी जाऊन मिस्त्रींना फोन केला.

"मिस्त्री, मी तुम्हाला खोटं सांगितलं. इंजिनावर रात्री पोतं टाकतो आम्ही."

"बैलाला टाकतात तसं?"

"हो."

"लई दिवसांनी ऐकलं. माझा बाप ट्रॅक्टरवर टाकायचा." मग लगेच कामाचं विचारलं. "पोतं सकाळी ओलं असतं का?"

मी छपरात जाऊन बोनेट उघडलं आणि हात लावला. उसाच्या रानातलं दव रात्रभर त्या उघड्या छपरात येत होतं, आणि पोत्याने ते शोषून घेतलं होतं. हाताला गार, दमट लागलं.

"ओलं आहे."

"मग हेड-बिड काय नाय. ओल धरतीय कुठंतरी. इंजन तापलं की ओल सुकती अन् गाडी नीट व्हती. आता असं कर, दुपारी इंजन चांगलं तापव. मग वायरींवर बारीक पाणी मार, एकेका वायरीवर. म्हंजी आपणच दव पाडायचं. जिथं मिसिंग मारंल तिथं रोग."

बारीक पाणी कशाने मारायचं, असं मी दादांना विचारलं. ते घरात गेले आणि फवारणीचा पाठीवरचा पंप घेऊन आले. "तुझ्या चुलत्याचा नवा हाय. औषध नाय टाकलं यात अजून."

दुपारी अंगणात गाडी चालू ठेवली होती. इंजिन तापून एकसारखं चालत होतं. दादांनी पंप पाठीला लावला, डाव्या हाताने दांडा हलवला आणि उजव्या हाताने नळी धरली. नोझल त्यांनी इतकं बारीक केलं होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसता धूर उडाल्यासारखं. मी बोनेटखाली वाकून ऐकत होतो. रस्त्याने जाणारा शेजारी थांबला.

"काय पाटील, मावा पडला का गाडीवर?"

"तुडतुडे," दादा म्हणाले.

"मग दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी घ्या," असं म्हणून तो कुंपणाला टेकून उभा राहिला.

पहिल्या वायरीवर पाणी मारलं, काही नाही. दुसरीवर, काही नाही. तिसऱ्या वायरीच्या मधल्या भागावर, जिथे ती एअर क्लीनरच्या खालून जाते, तिथे तो धूर पोहोचला आणि गाडी लगेच हलायला लागली. फट्‌ फट्‌. तोच आवाज. मी हात वर केला. दादांनी नळी बाजूला घेतली. एक-दोन मिनिटांत तिथली ओल सुकली आणि इंजिन पुन्हा एकसारखं चालू लागलं. "पुन्हा एकदा," मी म्हणालो. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच.

गाडी बंद करून मी वायर उपटून उलटी केली. खालच्या बाजूला, जी वरून कुणालाच दिसत नव्हती, रबर कुरतडलेलं होतं. बारीक बारीक दातांच्या खुणा. पोत्यात शेंगांचा वास, एखाद-दुसरी शेंग अडकलेली असणार. उंदीर रात्री उबेला आणि शेंगांना आले होते आणि शेंगा संपल्यावर त्यांनी वायर चावून बघितली होती. रबर पातळ झालेल्या जागी ओल बसली की वीज प्लगपर्यंत जायच्या आधीच इंजिनाच्या लोखंडात उतरत होती. मिस्त्रींनी ठिणगी बघितली तेव्हा वायर कोरडी होती, म्हणून निळी दिसली.

मी दादांना दातांच्या खुणा दाखवल्या. त्यांनी अंगठा फिरवला. "माझंच पोतं," म्हणाले.

"पोत्याचं काही नाही," मी म्हणालो. "मी त्याच वेळी सांगितलं असतं तर..."

"असूं दे."

मंचरला जाऊन वायरींचा नवा जुडगा आणला आणि बसवला. दादांनी पंप पुन्हा पाठीला लावला आणि सगळ्या वायरींवर पाणी मारलं, मला वाटतं गरजेपेक्षा जास्तच. गाडी हलली नाही. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "आलं पीक हाताशी."

मी दादांना म्हणालो, "उद्या बाईंना सांगा, आता बंद पडायची नाही. काय झालं होतं तेही सांगा."

"सांगतो," दादा म्हणाले.

सोमवारी सकाळी मी जुन्नरच्या गाडीत होतो तेव्हा फोन केला. "एका दमात चालू झाली," दादा म्हणाले. "लई बेस." पुढचे पाच आठवडे माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या आणि मी घरी गेलो नाही. दर दोन दिवसांनी फोन करत होतो. गाडी कशी आहे विचारायचो. "बेस हाय," दादा म्हणायचे. ते खरंच होतं. मी विचारत होतो ते गाडीचंच. प्रयोगशाळेतल्या त्या मित्रालाही मी सगळं सांगितलं, पोत्यासकट, आणि त्याने नुसतं विचारलं की पंपाचं नोझल कुठल्या मापाचं होतं.

परीक्षा संपल्यावर मी मंचरला एका नातेवाइकांकडे निरोप द्यायला गेलो होतो. परत येताना एस.टी. स्टँडवर कळंबच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. शेवटच्या शाळेवरच्या, ज्यांच्या वर्गाबाहेर दादा बसायचे त्या. एकदा घरी आल्या होत्या म्हणून ओळखलं.

"तू काकांचा मुलगा ना?" त्या म्हणाल्या. "काका कसे आहेत? ओटा रिकामा वाटतो आता. पोरं विचारतात."

मला कळेना. मी म्हणालो, "म्हणजे? गाडी तर आता एकदम चांगली चालते. वायर उंदराने खाल्ली होती. दादांनी सांगितलं असेल तुम्हाला."

त्यांनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "त्यांनी तुला सांगितलं नाही का?"

"काय?"

"आम्ही दुसरी गाडी ठरवली रे. त्या ट्रकनंतर मला धीरच होईना. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. आम्ही चौघांनी काकांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे बाई तुमचं. गाडी नीट झाली हे आम्हाला माहीतच नाही."

"सोमवारी?" मी विचारलं. "सोमवारी सांगितलंत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी आम्ही नव्या गाडीने गेलो. काकांना शुक्रवारीच सांगितलं होतं, शाळेतून परत येताना."

पंप पाठीला लावून दादा वायरींवर पाणी मारत होते, तो रविवार होता.